पालथी बाटली

रिपोर्टवर याही वेळी तेच लिहिलेलं होतं. पेशी तपासण्याच्या स्थितीत नाहीत, नमुना पुन्हा द्यावा. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून, मग परत नाकावर आणून ते वाक्य दोनदा वाचलं. मग लॅबच्या खिडकीशी जाऊन त्यांनी तो कागद काचेवर दाबून धरला, म्हणजे आत बसलेल्या माणसालाही वाचायची सोय व्हावी.

"हे तिसऱ्यांदा," ते म्हणाले.

आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काका, मधल्या धारेची दिली होती का? सुरुवातीची थोडी सोडून द्यायची आणि मग बाटली धरायची."

"कुठली धार?" मास्तरांचा आवाज चढला. "माझं मूत्राशय काढून टाकलंय. तुमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर काढलंय. मला सुरुवातीची धार नाही, मधली नाही आणि शेवटचीही नाही. जे काही आहे ते इथून थेंब थेंब येतं."

'इथून' म्हणताना त्यांनी शर्टावरून पोटाच्या उजव्या बाजूला थाप मारली. शर्टाखालची प्लॅस्टिकची पिशवी सळसळली. रांगेतली माणसं आपापल्या हातातल्या कागदांत एकाएकी फार रस घेऊ लागली. मास्तरांना ओळखणारं कोणी तिथे असतं तर म्हणालं असतं, आज बरेच शांत आहेत.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म काढला होता आणि रंगमास्तर म्हणून ते निवृत्त झाले होते. गिऱ्हाईक बोटभर चिंधी आणून द्यायचं आणि त्या चिंधीसारखा हुबेहूब रंग गठ्ठेच्या गठ्ठे कापडावर उतरवून द्यायचं काम मास्तरांचं. रंग जरासा इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. हाताखालची माणसं त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून होती. निरोपाच्या समारंभात सगळ्यांनी त्यांच्या शिस्तीचं तोंड भरून कौतुक केलं आणि दुसऱ्याच दिवशी रंगखात्यात पहिल्यांदा रेडिओ लागला, असं सांगतात.

लघवीत लाली दिसली तेव्हा त्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली होती. इतकी वर्षं रंगात हात घातला, थोडा अंगात मुरणारच, असं ते बायकोला म्हणाले होते. पुढे डॉक्टरांनी कर्करोग असल्याचं सांगितलं आणि रंगांच्या रसायनांचा त्याच्याशी संबंध असूही शकतो असं म्हटलं, तेव्हा मास्तरांना आपला विनोद आठवला. तो त्यांनी पुन्हा केला नाही. मूत्राशय काढलं, आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन लघवीसाठी नवी वाट केली, ती पोटावर बाहेर काढली आणि तिथे कायमची पिशवी बसली. हे सगळं त्यांनी कुरकुर करत का होईना, पण सोसलं. सोसवत नव्हती ती ही तपासणी.

मूत्राशय गेलं म्हणजे सुटलो, असा मास्तरांचा समज होता. डॉक्टरांनी तो दूर केला. मूत्रपिंडांपासून खाली येणाऱ्या नळ्यांना आतून तेच अस्तर असतं, जे मूत्राशयात झालं ते तिथेही होऊ शकतं, आणि झालं तर तिथल्या पेशी सुटून लघवीत उतरतात. म्हणून अधूनमधून लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. एखादी वाईट पेशी वेळेवर सापडली तर पुढचं बरंच काही वाचतं, असं डॉक्टर म्हणाले होते. 'वेळेवर' हा शब्द मास्तरांच्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसला होता.

आधी हा नमुना नर्स दवाखान्यातच घेत असे आणि कधी काही अडचण आली नव्हती. यंदापासून बाटली घरी द्यायला लागले. सकाळी पिशवी बदलताना घरच्या घरी ताजी लघवी धरायची आणि आणून द्यायची. साधं काम. पण पहिल्यांदा रिपोर्ट आला, पुन्हा द्या. मास्तरांनी लॅबला आळशी ठरवलं. दुसऱ्यांदा आला, पुन्हा द्या. मास्तरांनी लॅबच्या फ्रिजवर, मग नमुने नेणाऱ्या शिपायावर आणि शेवटी एकूण शिक्षणपद्धतीवर ठपका ठेवला. लेकीने फोनवर सुचवलं, की बाबा, दुसरीकडे जाऊन बघा. तेव्हा तिलाही चार शब्द ऐकावे लागले. तिने फोन आईकडे द्यायला सांगितलं.

खरं म्हणजे मास्तर घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला निदान उत्तर तरी हवं असतं, आणि त्यांना मिळत होतं ते 'पुन्हा द्या'. दर वेळी पुन्हा वाट बघायची, पुन्हा जेवणावरची वासना उडायची, पुन्हा बायको शेजारच्या खोलीतून कानोसा घेते आहे हे कळून न कळल्यासारखं करायचं. माणसाने किती वेळा धीर गोळा करावा यालाही काही मर्यादा आहे. म्हणून आज त्यांनी खिडकीशी ठाण मांडलं आणि बाटलीत बघणारं माणूस कोण आहे ते मला दाखवा, असा धोशा लावला.

आतून एक बाई बाहेर आल्या. पांढरा कोट, सूक्ष्मदर्शकात बघून बघून चुरचुरणारे डोळे, आणि कुणी कितीही ओरडलं तरी न बदलणारा चेहरा. मास्तरांना त्यांनी आत बोलावलं, एका स्टुलावर बसवलं आणि नमुना कसा घेता ते पहिल्यापासून सांगायला सांगितलं. मास्तरांनी आपल्याला कुणी हे विचारावं याचा आधी राग मानून घेतला आणि मग सविस्तर सांगायला लागले.

सकाळी उठल्यावर काही न खातापिता पिशवी काढायची. पोटावरचं ते तोंड, लालभडक, कोमट पाण्याने पुसून घ्यायचं. बायको समोर बुटकं स्टूल घेऊन बसते. मास्तरांना वाकून दिसत नाही, म्हणून बाटली ती धरते. थेंब पडायला लागले की बाटली खाली नेते, पिशवीतलं शिळं एक थेंबही घेत नाही. झाकण लावते, फडक्यात गुंडाळते आणि मास्तर तडक इकडे येतात.

बाई ऐकत होत्या. सगळं बरोबर आहे, त्या म्हणाल्या, पिशवीतलं घेत नाही हे तर फारच छान. "बाटली आम्ही दिलेलीच असते ना?"

"तुमचीच. पण तुमच्या बाटलीचं काय सांगावं," मास्तर म्हणाले. "धुतलेलीसुद्धा नीट कोरडी करून देत नाही तुम्ही. तळाशी पाणी तसंच. आमच्याकडे आधी स्वच्छ धुतली जाते, उन्हात वाळते, मगच वापरतो. या वेळी तर हिने उकळून घेतली."

 बाईंनी खण उघडला, एक नवी बाटली काढली आणि मास्तरांसमोर तिरकी केली. तळाशी बोटभर पाण्यासारखं काहीतरी हललं.

"काका, हे पाणी नाही. हे औषध आहे. पेशी शरीराबाहेर आल्या की लगेच खराब व्हायला लागतात. याने त्या जशाच्या तशा टिकतात. बाटलीवर चिठ्ठी असते, आतलं ओतू नका म्हणून."

चिठ्ठी असते, हे खरं होतं. धुताना पाण्याने ती सुटून यायची आणि बायको ती चिमटीने काढून टाकायची, कारण चिकट बाटली तिला खपत नसे. नाव झाकणावर लिहिलेलं असल्यामुळे चिठ्ठी कुणाला आठवलीही नव्हती.

मास्तरांना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. कापडावर रंग धरून राहावा म्हणून आधी त्याला एका औषधाचं पाणी द्यावं लागतं. ते दिलं नाही तर कितीही उत्तम रंग असो, पहिल्या धुण्यात नाल्यात जातो. नव्या माणसांना हे शिकवता शिकवता त्यांचा घसा बसलेला होता. आता ते स्टुलावर बसून त्या तिरक्या बाटलीकडे बघत राहिले. एवढा राग घेऊन आले होते आणि तो नेऊन द्यायला कुठली खिडकीच उरली नव्हती.

त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला खिडकीचा कट्टा आला. त्यावर घडी घातलेलं पांढरं फडकं आणि फडक्यावर पालथी बाटली.

लग्न नवं होतं तेव्हा मास्तर कारखान्यात साधे मदतनीस होते. रंगाचे नमुने ठेवायच्या छोट्या बाटल्या तिथे धड धुतल्या जात नसत, आणि आधीचा कणभर रंग राहिला तरी नवा नमुना बिघडायचा. मास्तर त्या बाटल्या पिशवीत भरून घरी आणत. बायको त्या धुवायची, एकेक उजेडाकडे धरून बघायची, वास घ्यायची, पुन्हा धुवायची आणि पालथ्या घालायची. तिच्या बाटल्यांमुळे त्यांचे नमुने चुकेनासे झाले आणि ते साहेबाच्या नजरेत भरले. मास्तर कौतुक करणारे नव्हेत. जेवण चांगलं झालं की ते फक्त दुसऱ्यांदा वाढून घेत. पण एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, की हिने धुतलेल्या बाटलीने माझा रंग कधी बिघडला नाही. तेवढं एकच वाक्य. बायकोने ते जन्मभर जपून ठेवलं होतं. लेकीला तिने ते इतक्यांदा सांगितलं होतं, की लेक आईची नक्कल करून दाखवायची.

आणि दवाखान्यातली पहिली बाटली घरी आली तेव्हा, "आत पाणी राहिलंय बघ, धुऊन घे जरा," असं तिला सांगणारे मास्तरच होते. पहिला रिपोर्ट फुकट गेल्यावर तिने दुसऱ्या बाटलीला गरम पाणी घातलं. दुसराही गेल्यावर तिसरी उकळली. आपलं काहीतरी कमी पडतंय असं वाटून ती बिचारी जास्तच करत गेली होती.

"एवढ्या उशिराने काही बिघडलं असेल का?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली आला होता, की बाईंना प्रश्न पुन्हा विचारायला सांगावं लागलं.

"ते डॉक्टर सांगतील, काका. मी जे दिसतं तेवढं लिहिते."

मास्तर उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. मग त्यांनी एक चमत्कारिक मागणी केली. औषधाची बाटली तर द्याच, पण तसलीच एक रिकामी बाटलीही द्या. बाईंनी कशाला म्हणून विचारलं तेव्हा मास्तर बराच वेळ शर्टाचं बटण चाचपत राहिले.

"तिला धुवायला," ते म्हणाले. "तिने धुतलेल्या बाटलीत धरू आणि मग मी गुपचूप यात ओतेन. चालेल ना?"

लगेच ओतलंत तर चालेल, बाई म्हणाल्या.

"आणि आमच्याकडून कुणी विचारलं, तर चूक लॅबची होती म्हणून सांगाल?"

बाईंनी दोन्ही बाटल्या त्यांच्या हातात दिल्या. "सांगेन. नाहीतरी सगळे तसंच समजतात."

घरी आल्याबरोबर मास्तरांनी तोंडाचा पट्टा सुरू केला. लॅबमध्ये सगळा आनंद आहे, यांच्या हातून साधी बाटली सांभाळली जात नाही, नमुना उन्हात ठेवून देतात, मी आज चांगलं फैलावर घेतलं, कबूल केलं त्यांनी. बायको पदराला हात पुसत ऐकत होती. कबूल केलं म्हटल्यावर तिचे खांदे किंचित सैल झाले. तेवढ्यासाठी मास्तर तीच हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

"बाटली दिली का नवी?" तिने विचारलं.

त्यांनी रिकामी बाटली दिली. तिने ती उघडून आत बघितलं. "या वेळी कोरडी दिली वाटतं. तुम्ही बोललात त्याचा परिणाम."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीप्रमाणे बुटकं स्टूल घेऊन समोर बसली. मास्तर भिंतीकडे मान वळवून उभे राहिले. अशा वेळी ते कधीच बोलत नसत. चारचौघांत ज्याच्या आवाजाने माणसं दचकायची, त्याला सकाळच्या या घटकेला स्वतःचंच पाणी थांबवता येत नव्हतं, आणि ते बघणारं माणूस एकच होतं. ती बघत असे ती अगदी कामासारखी, मान वर न करता, बाटली हलू न देता. आज मास्तरांनी मान खाली करून तिच्या डोक्याकडे पाहिलं. भांगाशी केस पार विरळ झाले होते. झालं, ती म्हणाली आणि झाकण लावलं.

मास्तर नवी पिशवी नीट बसली का बघतो म्हणून बाटली घेऊनच न्हाणीघरात गेले, कडी लावली, आणि नळ सोडून तिच्यातली लघवी औषधाच्या बाटलीत ओतली. कारखान्यात इतके रंग मिसळले, पण थेंब सांडू नये म्हणून कधी एवढं जपलं नव्हतं. रिकामी झालेली बाटली त्यांनी खिशात टाकली आणि वाटेत कचऱ्याच्या पेटीत सोडून दिली.

या वेळी लॅबमधून 'पुन्हा द्या' आलं नाही. डॉक्टरांचा फोन आला, दोघंही या म्हणून.

डॉक्टरांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. काही पेशी संशयास्पद दिसतायत, ते म्हणाले. उजव्या मूत्रपिंडाकडचा भाग असू शकतो. याच आठवड्यात स्कॅन करू, आणखी एक नमुना तपासू, मग ठरवू काय ते. मास्तर टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांना वाटलं होतं, उत्तर मिळालं की निदान मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी भांडलो ते हेच का, एवढंच त्यांच्या मनात आलं.

बायको डॉक्टरांसमोर सहसा बोलत नसे. आज ती खुर्चीत पुढे सरकली.

"डॉक्टर, हे आधीच कळलं असतं तर फरक पडला असता का? तीन वेळा तपासणी फुकट गेली म्हणून विचारते."

डॉक्टरांनी जुने रिपोर्ट वर घेतले. "तेच मी बघत होतो. असं लागोपाठ तीनदा सहसा होत नाही. घरी नमुना घेताना तुम्ही बाटली…"

"बाटली बिटली काही नाही," मास्तर इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं असेल. "तुमची लॅब गचाळ आहे. एक माणूस तिथे धड नाही. मी स्वतः जाऊन बघून आलोय. घरच्यांवर ढकलायची सवय लागलीय तुम्हाला." ते उभे राहिले. टेबलावर हात आपटला. शिपाई, फ्रिज, खिडकीवरचा तो माणूस आणि त्याची मधली धार, सगळ्यांचा त्यांनी एका दमात उद्धार केला. बायको शर्ट ओढून त्यांना खाली बसवत होती. आयुष्यभर ते असेच बोलत आले होते आणि आयुष्यभर तिला त्याची लाज वाटत आली होती. आजही वाटली. आज मास्तरांना नेमकी तीच हवी होती, म्हणजे डॉक्टरांचं अर्धं राहिलेलं वाक्य तिच्या लक्षात राहणार नाही.

डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते. मास्तरांचा आवाज चढलेला होता, पण डोळे काही वेगळंच सांगत होते, ते बहुधा डॉक्टरांना दिसलं असावं. त्यांनी रिपोर्ट खाली ठेवले. लॅबशी बोलतो, असं म्हणाले, आणि स्कॅनचा कागद लिहायला घेतला.

परत जाताना नव्या नमुन्याची बाटली घ्यायची होती. खिडकीशी त्या पांढऱ्या कोटातल्या बाई उभ्या होत्या. मास्तर काही बोलायच्या आत बायकोच पुढे झाली. जन्मात ती कुणाला टाकून बोलली नव्हती, त्यामुळे तिला शब्द लवकर सापडेनात.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या हातात लोकांचा जीव असतो. जरा जपून करत जा."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं आमचं, काकू," त्या म्हणाल्या. मग बायको वळल्यावर त्यांनी खिडकीतून मास्तरांना दोन बाटल्या दिल्या. रिकामी मास्तरांनी हातात धरली, औषधाची खिशात गेली.

 घरी आल्यावर तिने चहा ठेवला, मास्तरांपुढे कप आणून ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"अहो, खरं सांगा. माझ्याकडून बाटलीत काही राहून तर गेलं नव्हतं ना?"

मास्तरांनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला. तिच्याकडे बघून बोलायचं होतं आणि आवाज नेहमीसारखा तुसडा ठेवायचा होता. दोन्ही एकदम जमवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"तुझ्या बाटलीत आजवर कधी काही राहिलंय का?"

ती हसली नाही, पण चेहरा निवळला. तिने हात पुढे केला. मास्तरांनी रिकामी बाटली तिच्या हातावर ठेवली. ती आत गेली, नळ सुटला, आणि बऱ्याच वेळाने बंद झाला. बाहेरच्या खोलीतून मास्तरांना ती पाठमोरी दिसत होती. तिने बाटली खिडकीतल्या उजेडाकडे धरून फिरवून पाहिली, नाकाशी नेली, पुन्हा एकदा विसळली आणि कट्ट्यावरच्या फडक्यावर पालथी घातली.

मास्तरांनी लॅबला शिव्या द्यायला सुरुवात केली. आतपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ते बराच वेळ बोलत राहिले. खिशातली औषधाची बाटली त्यांनी खिशावरूनच मुठीत उभी धरून ठेवली होती. झाकण घट्ट होतं, तरीही.